बिघडलेले सिबिल आणि क्रेडिट कार्डाची वाट

कर्जाचा किंवा क्रेडिट कार्डाचा अर्ज घेऊन बँकेच्या शाखेत गेलेल्या माणसाचा सातबारा, पगारपत्रक किंवा दुकानाचा परवाना पाहण्याआधी आज त्याचे सिबिल पाहिले जाते, आणि नांदेड-लातूर परिसरात ‘सिबिल खराब आहे’ हे अर्ज परत येण्याचे नेहमीचे कारण होऊन बसले आहे. या एका वाक्याखाली मात्र अगदी निरनिराळ्या अवस्था एकत्र येतात. कोणाचे कर्ज खरोखरच थकलेले असते, कोणाचे फिटूनही बँकेच्या दप्तरातून त्याची नोंद बंद झालेली नसते, कोणी दुसऱ्याला जामीन राहिल्यामुळे अडकलेला असतो, तर कोणी आयुष्यात बँकेचे कर्जच घेतलेले नसल्यामुळे त्याच्याविषयी कसलीही माहिती उपलब्ध नसते. प्रत्येक अवस्थेवरचा उपाय वेगळा आहे. म्हणून कार्ड कसे मिळवावे या प्रश्नाआधी, नावावर नेमके काय लिहिले गेले आहे आणि ते कसे लिहिले गेले, हे पाहावे लागते. मराठवाड्यात या प्रश्नाला एक खास पदर आहे: पत मोजण्याची पद्धत महिन्याच्या तारखेवर उभी आहे, तर येथील बऱ्याच घरांचे उत्पन्न सोयाबीन, तूर, हळद किंवा उसाच्या हंगामावर चालते. या दोन कालगणनांमधल्या अंतरातून येथील बरीचशी ‘खराब’ सिबिले जन्माला येतात आणि त्यांच्या दुरुस्तीचा मार्गही हेच अंतर ओळखण्यातून निघतो.

सिबिल आणि त्याची चार घरे

सिबिल हे मुळात एका कंपनीचे नाव आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दिकी समितीच्या शिफारशीनंतर २००० साली क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली, तिच्या आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले आणि आज ती ट्रान्सयुनियन सिबिल या नावाने ओळखली जाते. कर्जदारांची माहिती गोळा करण्याच्या या व्यवहाराला २००५ च्या पतमाहिती कंपन्या (नियमन) कायद्याने चौकट दिली, आणि त्या कायद्याखाली सिबिलखेरीज एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या आणखी तीन कंपन्यांना परवाना मिळाला. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये सर्व बँका व वित्तसंस्थांना या चारही कंपन्यांचे सभासद होणे बंधनकारक केले, त्यामुळे एका बँकेत थकलेला हप्ता दुसऱ्या बँकेपासून लपून राहण्याची शक्यता जवळजवळ संपली. लोक चारही कंपन्यांच्या अहवालांना सरसकट सिबिलच म्हणतात, परंतु चौघींकडील माहिती आणि गुणांक तंतोतंत सारखे असतीलच असे नाही. एका अहवालातली चूक दुसऱ्यात नसू शकते, आणि बँक कोणता अहवाल पाहते यावरही निकाल बदलू शकतो.

गुणांक ३०० ते ९०० या पट्ट्यात दिला जातो. तो ठरवताना हप्ते वेळेवर भरले की नाही, मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम वापरली जाते, कर्जखाती किती जुनी आणि कोणत्या प्रकारची आहेत, आणि अलीकडे नव्या कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले गेले, या गोष्टी प्रामुख्याने पाहिल्या जातात. ७५० च्या वर गुण असले की काम होते, ही समजूत बँकांच्या अंतर्गत धोरणांतून आलेली आहे. रिझर्व्ह बँकेने असा कोणताही किमान आकडा ठरवून दिलेला नाही. ज्याने कधीच कर्ज घेतलेले नाही त्याच्या अहवालात गुणांकाच्या जागी ‘इतिहास नाही’ अशा अर्थाची खूण येते. केवळ पतइतिहास नाही एवढ्या कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, ही रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५ च्या मुख्य निर्देशांतील भूमिका आहे, आणि केंद्र सरकारने २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संसदेपुढे तिचाच पुनरुच्चार केला. कोरा इतिहास आणि बिघडलेला इतिहास यांत म्हणूनच मोठा फरक आहे, जरी शाखेतील बोलण्यात दोन्हींना एकाच मापाने मोजले जात असले तरी.

अहवाल वाचण्याची रीत

१ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो, म्हणजे चार कंपन्यांकडून मिळून वर्षाला चार अहवाल एक पैसाही न देता मिळू शकतात. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. कमी होऊ शकतात ते कर्जासाठी अर्ज केल्यावर बँकेने पाहिल्याने, आणि तेही थोड्या काळात अनेक ठिकाणी अर्ज केले गेल्यास. त्यामुळे एका बँकेने नाकारले म्हणून त्याच आठवड्यात आणखी चार ठिकाणी अर्ज टाकणारा माणूस आपलीच अडचण वाढवत असतो.

अहवालात प्रत्येक कर्जखात्याखाली महिन्यांची एक रांग असते आणि तीत जास्तीत जास्त ३६ महिने दाखवले जातात. प्रत्येक महिन्याच्या चौकोनात देय तारखेनंतर किती दिवस उलटले हे लिहिलेले असते. याला बँकिंगच्या भाषेत डीपीडी म्हणतात. चौकोनात ००० किंवा एसटीडी असेल तर खाते नियमित आहे, ०३० असेल तर देय तारीख उलटून ३० दिवस झालेले आहेत, आणि ०९० च्या पुढे गेलेले साधे कर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरते. या रांगेच्या वर खात्याची स्थिती लिहिलेली असते आणि तेथील एकेका शब्दाला वजन असते. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फिटलेले. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून देऊन तडजोडीने मिटवलेले. ‘रिटन ऑफ’ म्हणजे वसुलीची आशा मावळल्याने बँकेने आपल्या हिशोबातून निर्लेखित केलेले. हे निर्लेखन बँकेच्या ताळेबंदापुरते असते, कर्जदाराचे देणे त्यामुळे संपत नाही. राष्ट्रीय लोकअदालतीत सवलत मिळवून जुने कर्ज मिटवणारे अनेक जण बेबाकी दाखला हातात आला की प्रकरण संपले असे समजतात, परंतु अहवालात त्याची नोंद ‘सेटल्ड’ अशी होते आणि नवी बँक ती वाचून सावध होते. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार, शेतीखेरीज इतर कर्जांत तडजोड झालेल्या कर्जदाराला त्याच संस्थेने नवे कर्ज देण्यापूर्वी किमान १२ महिने जावे लागतात. हे लक्षात घेता, ऐपत असेल तर सोडलेली रक्कमही भरून खाते ‘क्लोज्ड’ करून घेणे, आणि तसे बँकेकडून लेखी घेणे, पुढील दृष्टीने फायद्याचे ठरते.

काही वेळा अहवालातील कर्ज देणाऱ्या संस्थेचे नावच ओळखीचे वाटत नाही. निजामाच्या राज्यात १९४१ साली स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेचे पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले, मराठवाड्यातील पिढ्यान्‌पिढ्यांचे खाते तिच्यातच होते, आणि १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. अशा विलीनीकरणानंतर जुने कर्ज नव्या बँकेच्या नावाखाली दिसते, तर थकीत कर्जे विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीकडे खाते गेले असेल तर ज्या कंपनीचे नावही कर्जदाराने ऐकलेले नाही तिचे नाव समोर येते. अनोळखी नाव दिसताच फसवणूक झाली असे मानण्याऐवजी कर्जाची तारीख आणि मूळ रक्कम जुळते का हे आधी पाहावे.

पीककर्जाच्या नोंदी

किसान क्रेडिट कार्ड आणि दुकानात वापरायचे क्रेडिट कार्ड यांत नावापलीकडे साम्य थोडे आहे. किसान क्रेडिट कार्ड १९९८-९९ मध्ये सुरू झाले. जमिनीचे क्षेत्र आणि पिकाचा खर्च यांवर त्याची मर्यादा ठरते आणि परतफेडीची मुदत पिकाच्या काढणीशी व विक्रीशी जोडलेली असते. सोयाबीनसारख्या अल्प मुदतीच्या पिकाचे कर्ज परतफेडीच्या मुदतीनंतर दोन हंगाम थकले तरच एनपीए ठरते, म्हणजे शेतीकर्जाच्या नियमांत हंगामाची जाणीव आहे. परंतु तेच खाते अहवालात आले की त्याच्याही पुढे थकलेल्या दिवसांचा आकडा उमटतो, आणि कार्ड देणारी बँक तो आकडा पगारदाराच्या मोबाइल हप्त्याच्या शेजारी ठेवून वाचते.

या भागात पीककर्जाचे ‘नवे-जुने’ करण्याची रीत सर्वपरिचित आहे: मार्चअखेर जुने कर्ज व्याजासह भरायचे आणि लगेच नवे उचलायचे, आणि मधल्या काही दिवसांसाठी लागणारी रक्कम हातउसनी, आडत्याकडून किंवा सावकाराकडून उभी करायची. ही फेरी ज्या वर्षी चुकते त्या वर्षी खाते थकते. दुष्काळ आणि अतिवृष्टी यांत ती हमखास चुकते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातील खरीप पिके मोठ्या प्रमाणावर वाहून गेली. अशा आपत्तीत रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पीककर्जाचे मध्यम मुदतीच्या कर्जात पुनर्गठन करता येते आणि पुनर्गठित खाते नियमित धरले जाते. पतअहवालातही नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठित अशी स्वतंत्र स्थिती नोंदवण्याची सोय आहे. पुनर्गठनाचा कागद बँकेत झाला पण अहवालातील नोंद तशी बदलली नाही, तर शेतकरी विनाकारण थकबाकीदार दिसतो, म्हणून हा कागद जपून ठेवणे आणि अहवालाशी ताडून पाहणे गरजेचे आहे.

कर्जमाफीने या गुंत्यात आणखी एक थर घातला. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतची थकबाकी माफ झाली आणि त्याहून अधिक थकबाकी असलेल्यांना वरची रक्कम भरून एकरकमी परतफेडीचा मार्ग देण्यात आला. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत ही मर्यादा दोन लाख रुपये होती. माफीची रक्कम शासनाकडून थेट बँकेला गेली, परंतु खात्यावर काही व्याज शिल्लक राहिले असेल किंवा बँकेने व्याजाचा काही भाग सोडला असेल, तर अहवालात खाते थकीत किंवा ‘सेटल्ड’ असे दिसू शकते. शिवाय माफीची वाट पाहत हप्ता न भरण्याचा काळही अहवालात थकलेल्या महिन्यांच्या रूपाने उरतो, कारण शासन देणे फेडू शकते, गेलेल्या तारखा बदलू शकत नाही.

या साऱ्याचा परिणाम पीककर्जावरच होऊ लागला तेव्हा प्रश्न राजकीय झाला. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी शेतकऱ्यांकडे सिबिलची अट घालू नये आणि तशी अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू, असा इशारा दिला. हा इशारा पीककर्जापुरता आहे. क्रेडिट कार्ड हे तारणाविना दिलेले व्यक्तिगत कर्ज असल्याने ते कोणाला द्यावे हे बँकेने आपल्या धोरणानुसार ठरवायचे असते, आणि तेथे अहवाल पाहिला जाणारच.

जामीन, गट आणि मोबाइलचा हप्ता

स्वतःच्या व्यवहारापेक्षा दुसऱ्याच्या व्यवहारामुळे बिघडलेली सिबिलेही येथे कमी नाहीत. भावकीतल्या कोणाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन राहणारा माणूस आपण केवळ सही केली असे समजतो, पण कायद्याच्या दृष्टीने जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते आणि ते खाते त्याच्याही अहवालात ‘जामीनदार’ या शिक्क्यासह दिसते. मित्राला किंवा मेहुण्याला कर्ज मिळत नाही म्हणून आपल्या आधार-पॅनवर मोबाइल, दुचाकी किंवा फ्रीज हप्त्याने काढून देण्याची पद्धतही सर्रास आहे. दुकानात ‘शून्य टक्के हप्ता’ म्हणून सांगितली जाणारी ही योजना प्रत्यक्षात वित्तसंस्थेचे ग्राहककर्ज असते, आणि मेहुण्याने तिसरा हप्ता चुकवला तर अहवाल बिघडतो तो ज्याचे पॅन आहे त्याचा. मोबाइलचा १,५०० रुपयांचा हप्ता चुकल्याची खूणही रांगेत ०३० अशीच उमटते. रक्कम लहान म्हणून तिचा दोष दिसेनासा होत नाही.

महिलांच्या सूक्ष्मवित्त गटांची गोष्टही येथेच येते. साप्ताहिक किंवा पंधरवड्याच्या बैठकीत वसूल होणाऱ्या या कर्जांची माहितीही पतमाहिती कंपन्यांकडे जाते. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्मवित्त मानले जाते, आणि कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम सर्व कर्जांच्या हप्त्यांत जाऊ नये अशी मर्यादा आहे. एका गटाचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या गटातून उचल घेण्याची साखळी सुरू झाली की ती अहवालात स्पष्ट दिसते. याउलट, मोंढ्यातील आडत्याकडून घेतलेली उचल, सावकाराचे कर्ज आणि बहुतेक गावोगावच्या पतसंस्थांचे कर्ज अहवालात सहसा दिसत नाही. त्यामुळे वीस वर्षे पतसंस्थेचे हप्ते बिनचूक फेडणाऱ्या व्यापाऱ्याचा इतिहासही बँकेच्या पडद्यावर कोराच असू शकतो.

चुकीची नोंद आणि तिची दुरुस्ती

अहवालातील नोंद खरी पण वाईट असेल तर ती काळानेच मागे पडते. नोंद खोटी असेल तर ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. यासाठी कर्ज देणारी संस्था किंवा पतमाहिती कंपनी, कोणाकडेही तक्रार करता येते आणि त्याला शुल्क लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर तक्रारदाराला पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळते. या ३० दिवसांपैकी २१ दिवस बँकेला दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी आहेत. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवायची असल्याने, फिटलेल्या कर्जाची नोंद बंद होण्यासाठी पूर्वीसारखी दीर्घ वाट पाहावी लागू नये.

तक्रारीला बळ येते ते कागदांनी: बेबाकी दाखला, कर्जखात्याचा उतारा, कर्जमाफीच्या यादीतील नोंद, लोकअदालतीचा निवाडा किंवा पुनर्गठनाचे पत्र. एकाच गावात एकाच नावाची, एकाच वडिलांच्या नावाची आणि एकाच आडनावाची दोन माणसे असणे मराठवाड्यात नवलाचे नाही, आणि जुन्या कर्जांत पॅन नोंदलेले नसल्यास दोघांचे व्यवहार एकाच अहवालात मिसळू शकतात. अशा वेळी पॅन, जन्मतारीख आणि पत्ता यांच्या आधारे खाते आपले नाही हे दाखवावे लागते. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले उत्तर मान्य नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही या लोकपाल योजनेच्या कक्षेत आहेत आणि १४४४८ या क्रमांकावर तिची माहिती मिळते. पैसे घेऊन ‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणारे मध्यस्थ यापलीकडे काहीही करू शकत नाहीत. खोटी नोंद कोणालाही स्वतः दुरुस्त करून घेता येते, आणि खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही.

मुदत ठेवीवरचे कार्ड

नोंदी स्वच्छ झाल्या तरी गुणांक लगेच चढत नाही, कारण चढण्यासाठी नव्या आणि वेळेवर फेडलेल्या व्यवहारांची भर पडावी लागते, आणि खराब इतिहासाच्या माणसाला नवा व्यवहार देण्यास बँक तयार नसते. हा पेच सोडवण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे मुदत ठेवीवर दिले जाणारे क्रेडिट कार्ड. यात ग्राहक बँकेत ठरावीक रक्कम मुदत ठेव म्हणून ठेवतो, बँक त्या ठेवीच्या साधारण ८० ते ९० टक्के मर्यादेचे कार्ड देते, ठेवीवर व्याज चालू राहते, आणि कार्ड चालू असेपर्यंत ती ठेव मोडता येत नाही. बँकेला तारण मिळालेले असल्याने उत्पन्नाचा पुरावा आणि जुना गुणांक यांवर ती सहसा अडून बसत नाही. एसबीआय कार्डचे ‘उन्नती’ कार्ड किमान २५,००० रुपयांच्या ठेवीवर मिळते, आणि अनेक खासगी बँका याहून कमी ठेवीवरही असे कार्ड देतात. ठेव मात्र कार्ड देणाऱ्या बँकेतच असावी लागते. पतसंस्थेतील ठेवपावती येथे चालत नाही.

मालविक्रीच्या पट्टीचे पैसे हातात आल्यावर त्यांतील २५,००० रुपये ठेवून, समजा, २०,००० रुपये मर्यादेचे कार्ड घेतले, तर दरमहा सहा हजारांच्या आत, म्हणजे मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत, खर्च ठेवावा असा सर्वसाधारण संकेत आहे, कारण मर्यादा काठोकाठ वापरणारा माणूस पैशाच्या ओढीत असल्याचे गुणांकाचे गणित मानते. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची मुभा २०२२ पासून असल्याने लातूरच्या गंजगोलाईतील किराणा दुकानातला किंवा नांदेडच्या वजिराबादमधील औषध दुकानातला क्यूआर कोड स्कॅन करूनही हा खर्च करता येतो. तो एरवीही होणारच होता, फक्त आता त्याची आणि त्याच्या वेळेवर परतफेडीची नोंद होते. कोऱ्या इतिहासाच्या माणसाचा गुणांक साधारण सहा महिन्यांच्या अशा व्यवहारानंतर तयार होतो. थकबाकीचा इतिहास असलेल्याला जुने महिने मागे सरकेपर्यंत अधिक धीर धरावा लागतो. ठेव आहे म्हणून बिल चुकले तरी चालते, ही समजूत मात्र घातक आहे. बँक ठेवीतून आपले पैसे वळते करून घेईल, पण त्याआधी थकलेले दिवस अहवालात लिहिले गेलेले असतील.

अर्जदाराच्या बाजूचे काही नियमही माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या मुख्य निर्देशांनुसार अर्ज नाकारल्यास बँकेने नेमके कारण लेखी कळवायचे असते, न मागितलेले कार्ड पाठवता येत नाही, देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उलटल्याशिवाय खाते थकीत म्हणून कळवता येत नाही, आणि कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत अमलात आणली नाही तर बँकेने दररोज ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा असतो. नकाराचे लेखी कारण मागून घेणे सर्वांत उपयोगी, कारण दुरुस्ती कोठे करायची हे त्यातूनच कळते.

किमान रकमेचा हिशोब

पत सुधारण्यासाठी घेतलेले कार्डच पत पुन्हा बिघडवण्याची शक्यता बिलावरील ‘किमान देय रक्कम’ या ओळीत असते. ही रक्कम बहुधा थकबाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते आणि ती भरली की खाते नियमित दिसते, परंतु उरलेल्या रकमेवर दरमहा साधारण तीन ते पावणेचार टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते. २०,००० रुपये थकबाकी आणि साडेतीन टक्के दर धरला, तर पहिल्या महिन्याचे व्याज ७०० रुपये, त्यावरील जीएसटी १२६ रुपये, आणि भरलेल्या १,००० रुपयांपैकी मूळ थकबाकीत वळते होतात केवळ १७४ रुपये. नवी खरेदी एक रुपयाचीही न करता वर्षभर हेच चालवले तर सुमारे ११,४०० रुपये भरूनही सुमारे १८,००० रुपये देणे उरते, आणि थकबाकी निम्म्यावर यायला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये अशा व्याजाला वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केल्याने दर ठरवण्याचे स्वातंत्र्य बँकांकडेच आहे.

कार्ड कोणत्या घराला परवडते

वरील हिशोब पाहता, कार्ड घ्यावे की नाही याचा निर्णय घरात महिन्याला पैसा येतो की नाही यावर अवलंबून ठेवणे शहाणपणाचे आहे. शिकवणी वर्गांच्या आधारावर उभ्या राहिलेल्या लातूरच्या खाणावळी आणि वसतिगृहे, हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात येणाऱ्या यात्रेकरूंवर चालणारे नांदेडचे लॉज व दुकाने, शिक्षक, परिचारिका आणि डाळमिलमधील पगारी कामगार यांच्या हातात दरमहा रक्कम येते. त्यांना बँकेकडून बिलाची तारीख किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क आहे, आणि पगार किंवा भाडे हाती आल्यानंतर चार-पाच दिवसांनी देय तारीख येईल अशी ती बदलून, पूर्ण बिल आपोआप खात्यातून वळते होण्याची सूचना देऊन ठेवली, तर मुदत ठेवीवरचे छोटे कार्ड त्यांचा इतिहास सावरू शकते.

ज्या घराचे संपूर्ण उत्पन्न खरीप-रब्बीवर आहे, त्या घराने दर महिन्याची देय तारीख अंगावर घेण्याआधी आपल्या किसान क्रेडिट कार्डाकडे पाहावे. तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज सात टक्के दराने मिळते, वेळेवर फेडल्यास केंद्राच्या तीन टक्के सवलतीने तो दर चार टक्क्यांवर येतो, आणि महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेवर परतफेड करणाऱ्यावर व्याजाचा भार जवळजवळ राहत नाही. ते खाते देय मुदतीच्या आत नियमित केल्याची नोंदही त्याच चार पतमाहिती कंपन्यांकडे जाते, आणि बिघडलेले सिबिल सुधारण्यासाठी अशा घराजवळ यापेक्षा स्वस्त साधन दुसरे नाही.